नोंदीविना सूट : जनुक-संपादित धानाच्या नियमनाची चिकित्सा

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेकडील तुमसर तालुका हा पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्याचा महत्त्वाचा भाग आहे. येथील खरीप हंगाम पऱ्ह्यांपासून सुरू होतो, रोवणीत वेग घेतो आणि बाजार समितीच्या आवारात किंवा आधारभूत खरेदी केंद्रावर संपतो. या प्रवासात शेतकरी ज्या गोष्टीवर सर्वाधिक विश्वास टाकतो ती म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरील वाणाचे नाव. एकदा बांधीत रोप लागले की नाव बदलता येत नाही, आणि चुकीच्या नावाची किंमत पूर्ण हंगाम देऊन चुकवावी लागते. म्हणूनच वाणाविषयी शासन काय नोंदवते, काय जाहीर करते आणि काय अनुल्लेखित ठेवते, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा किंवा कायदेपंडितांचा राहत नाही.

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नवी दिल्ली येथे भारतातील पहिल्या दोन जनुक-संपादित धानवाणांची घोषणा केली. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने सांबा मसुरीपासून विकसित केलेला 'डीआरआर धान १००', अर्थात 'कमला', हा पहिला वाण होय. दुसरा 'पुसा डीएसटी राईस १'. तो नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० या वाणापासून सिद्ध केला आहे. ज्या राज्यांसाठी हे वाण विकसित केल्याचे सांगण्यात आले त्या यादीत महाराष्ट्राचाही समावेश आहे. एमटीयू १०१० हा पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांना नुसत्या '१०१०' या आकड्याने परिचित असलेला वाण असल्यामुळे हा विषय तुमसरच्या दृष्टीने दूरचा मानता येत नाही.

जनुक-संपादित पिकांविषयीची चर्चा बहुधा 'सुरक्षित की धोकादायक' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखाचा रोख वेगळा आहे. ज्या दस्तऐवजांच्या आधारे या वाणांना जैवसुरक्षेच्या कडक प्रक्रियेतून सूट मिळाली त्यांचे वाचन करून एक मर्यादित परंतु महत्त्वाचा मुद्दा येथे मांडला आहे. परीक्षणातून सूट देणे एकवेळ समर्थनीय ठरेल, मात्र त्यासोबत सार्वजनिक नोंदीतूनही मिळालेली सूट समर्थनीय नाही.

तंत्र आणि त्याचे वर्गीकरण

क्रिस्पर-कास ९ या तंत्राचा पाया घालणाऱ्या संशोधनाबद्दल इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रात मार्गदर्शक आरएनएच्या साहाय्याने कास ९ हे प्रथिन जनुकातील ठरावीक ठिकाणी नेले जाते आणि तेथे डीएनएचे दोन्ही धागे कापले जातात. पेशी हा तुटलेला भाग स्वतःच सांधते. सांधताना एखादे अक्षर गळते किंवा वाढते आणि जनुकाचे कार्य बदलते. बाहेरून कोणताही नमुना न देता केवळ अशा सांधणीवर विसंबलेल्या प्रकाराला एसडीएन-१ म्हणतात. लहानसा नमुना देऊन नेमका बदल घडवला तर तो एसडीएन-२ ठरतो. एखादे संपूर्ण जनुक किंवा डीएनएचा मोठा तुकडा त्या ठिकाणी बसवला तर तो एसडीएन-३ होय.

उपरोक्त दोन्ही धानवाण एसडीएन-१ प्रकारात मोडतात. 'कमला'मध्ये सीकेएक्स-२ या जनुकाचे कार्य रोखलेले आहे. सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकाचे विघटन करणारे विकर या जनुकातून तयार होते. ते कमी झाल्याने संप्रेरक टिकते आणि लोंबीतील दाण्यांची संख्या वाढते. 'पुसा डीएसटी'मध्ये डीएसटी या जनुकात बदल केला असून क्षारपड व चोपण जमिनीत तग धरण्याची क्षमता वाढवणे हा त्याचा हेतू आहे. दोन्ही वाणांत परक्या जीवाचे जनुक शिल्लक नाही. बीटी कपाशीत मातीतील जिवाणूचे जनुक कायम असते. हा भेद खरा आहे आणि तो नाकारणे शास्त्राला धरून होणार नाही.

तथापि एक बाब सामान्य चर्चेत सुटून जाते. कास ९ प्रथिन पेशीत निर्माण व्हावे यासाठी अनेकदा त्याचे जनुक प्रथम वनस्पतीत घातले जाते आणि पुढील पिढ्यांत ते जनुक नसलेली रोपे निवडली जातात. अशा वेळी अंतिम रोप परकीय डीएनएपासून मुक्त असले तरी ते परजनुकी अवस्थेतून आलेले असते. मुक्ततेची ही खात्री नुसत्या डोळ्यांनी होत नाही. ती रेणवीय चाचण्यांनीच करावी लागते. ती कोणी केली, कोणी तपासली आणि कोणाला पाहता येते, हे प्रश्न येथूनच सुरू होतात.

व्याख्येतील समावेश आणि ज्ञापनातील सूट

भारतातील या विषयाचे मूळ नियमन पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली ५ डिसेंबर १९८९ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांत आहे. घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय अभियांत्रिकीने घडवलेले जीव यांचे उत्पादन, वापर, आयात, निर्यात व साठवण यांविषयीचे हे नियम होत. त्यांतील व्याख्या बारकाईने वाचली असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. जनुकीय अभियांत्रिकी म्हणजे केवळ बाहेरचे जनुक आत घालणे, असे १९८९ च्या नियमकर्त्यांनी मानले नव्हते. आनुवंशिक द्रव्याचा काही भाग काढून टाकून जीवात घडवलेला बदलही त्यांनी व्याख्येत स्पष्टपणे अंतर्भूत केला होता. क्रिस्पर तंत्र त्या वेळी अस्तित्वात नव्हते. तरीही एसडीएन-१ मध्ये जे प्रामुख्याने घडते ते या व्याख्येच्या कक्षेत येते.

३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने कार्यालयीन ज्ञापन काढून बाहेरून आणलेल्या डीएनएपासून मुक्त असलेल्या एसडीएन-१ व एसडीएन-२ वनस्पतींना नियम ७ ते ११ मधून सूट दिली. पाठोपाठ मे २०२२ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वे आली. येथे व्याख्या बदलण्यात आलेली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. व्याख्येत जे आत आहे ते ज्ञापनाने बाहेर ठेवले. मंत्रालयाला सूट देण्याचा अधिकार नियम २० मध्ये आहे. परंतु त्या नियमाची शब्दयोजना विशिष्ट जीव हाताळणाऱ्या व्यक्तीला आवश्यकतेनुसार सूट देण्याची आहे. ज्ञापनाने मात्र वनस्पतींच्या एका संपूर्ण वर्गाला सूट दिली. अपवादासाठी असलेल्या तरतुदीतून धोरण घडवले गेले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

यातील दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. सूट दिलेल्या नियमांत नियम ११ चा समावेश आहे आणि हा नियम खाद्यपदार्थांविषयी आहे. जनुकीय अभियांत्रिकीने घडवलेले जीव असलेले खाद्यपदार्थ जीईएसी या केंद्रीय समितीच्या मान्यतेवाचून उत्पादित करू नयेत वा विकू नयेत, असे तो सांगतो. म्हणजे एकाच ज्ञापनाने शेतातील लागवड आणि ताटातील अन्न हे दोन्ही प्रश्न निकाली काढले. ज्ञापनाच्या चर्चेत पहिल्याचा उल्लेख वारंवार होतो, दुसऱ्याचा क्वचितच.

परीक्षण कोणी करावयाचे?

सूट मिळाल्यानंतर पूर्ण मोकळीक असते, असे नाही. वनस्पती परकीय डीएनएपासून मुक्त आहे की नाही याची तपासणी संस्थात्मक जैवसुरक्षा समिती करते आणि तिचे निष्कर्ष जैवतंत्रज्ञान विभागाच्या आरसीजीएम या समितीपुढे जातात. दोन्ही धानवाणांना या मार्गाने ३१ मे २०२३ रोजी मान्यता मिळाली. त्यानंतर अखिल भारतीय समन्वित तांदूळ संशोधन प्रकल्पाखाली २०२३ व २०२४ मध्ये त्यांच्या बहुस्थानीय चाचण्या झाल्या. ही प्रक्रिया शास्त्रीय चौकटीतील आहे. संस्थात्मक समितीवर बाहेरील तज्ज्ञ आणि विभागाचा प्रतिनिधीही असतो. त्यामुळे तिच्या प्रामाणिकपणाविषयी सरसकट संशय घेण्याचे कारण नाही.

प्रश्न व्यक्तींच्या प्रामाणिकपणाचा नसून रचनेचा आहे. ज्या संस्थेने वाण घडवला तिच्याच समितीपासून परीक्षणाला आरंभ होतो आणि त्या परीक्षणाचा तपशील सामान्य वाचकापर्यंत पोहोचण्याची निश्चित वाट नाही. याचा परिणाम ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसून आला. 'कोअॅलिशन फॉर अ जीएम-फ्री इंडिया' या गटाने समन्वित चाचण्यांच्या अहवालांचा आधार घेऊन दोन्ही वाणांच्या उत्पादनवाढीच्या दाव्यांवर आक्षेप घेतले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. या वादात कोणाची बाजू बरोबर, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु घोषणेच्या वेळी चाचण्यांची संपूर्ण आकडेवारी ठिकाणनिहाय आणि सहज वाचता येईल अशा रूपात मांडली गेली असती, तर वादाचे स्वरूप आरोप-प्रत्यारोपाचे न राहता शास्त्रीय चर्चेचे राहिले असते.

या संदर्भात विदर्भातील एका प्रसंगाचे स्मरण उपयुक्त ठरते. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवल्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांत नागपूरचा समावेश होता. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. हा निर्णय योग्य होता की नाही याविषयी आजही दुमत आहे. परंतु शेतकरी, शास्त्रज्ञ आणि ग्राहक एकाच सभागृहात बोलले आणि निर्णयाची कारणे लिखित स्वरूपात जाहीर झाली, हे निर्विवाद आहे. जनुक-संपादनाविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा जानेवारी २०२० मध्ये प्रतिक्रियांसाठी खुला केला होता खरा. तथापि इंग्रजी मसुद्यावर लेखी प्रतिक्रिया मागवणे आणि नागपुरात येऊन ऐकून घेणे यांतील अंतर धानपट्ट्यातील कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

'ओळखता येत नाही' या युक्तिवादाची दुसरी बाजू

सूट देण्याच्या बाजूने सर्वांत प्रबळ युक्तिवाद असा केला जातो : एसडीएन-१ मधील बदल निसर्गात आपोआप होणाऱ्या उत्परिवर्तनासारखाच असतो, प्रयोगशाळेत दोहोंत भेद करता येत नाही, म्हणून वेगळे नियमनही असू नये. या युक्तिवादाला भारतीय शेतीच्या इतिहासाचा आधारही आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या साहाय्याने घडवलेले अनेक वाण कित्येक दशके आपल्या शेतात आणि आहारात आहेत. विदर्भात पेरला गेलेला टीएयू-१ उडीद आणि टीएजी-२४ भुईमूग ही त्याची परिचित उदाहरणे. किरणोत्सर्गाने जनुकसंचात अनेक ठिकाणी यदृच्छेने बदल होतात, क्रिस्परने ठरावीक ठिकाणी. मग अधिक नेमक्या तंत्रावर अधिक कडक बंधन का, हा प्रश्न रास्त आहे.

या युक्तिवादाचे पूर्वपद मान्य केले तरी निष्कर्ष त्यातून निघत नाही. दोन वस्तूंतील भेद चाचणीने कळत असेल तर नोंद नसली तरी चालते, कारण केव्हाही चाचणी करून सत्य शोधता येते. भेद चाचणीने कळत नसेल, तर वस्तू कशी घडली हे सांगणारा लेखी पुरावा हाच एकमेव आधार उरतो. बदलाचे नेमके स्थान आधी ठाऊक असेल तर तो शोधता येतो. ते स्थान कोठेतरी लिहून ठेवले तरच ठाऊक असणार. सारांश, 'ओळखता येत नाही' हे परीक्षण शिथिल करण्याचे कारण असू शकेल. नोंद शिथिल करण्याचे ते कारण नाही. उलट नोंद सक्तीची करण्याचे ते सर्वांत सबळ कारण आहे.

उपरोक्त उत्परिवर्तित वाणांच्या नावांतच याचा पडताळा मिळतो. टीएयू व टीएजी या आद्याक्षरांत ट्रॉम्बे आणि अकोला ही दोन स्थाने नोंदलेली आहेत. वाण कोठे घडला आणि कोठे पारखला गेला हे जाणकाराला नावावरूनच कळते. 'पुसा डीएसटी राईस १' या नावात संस्थेबरोबर बदललेल्या जनुकाचाही निर्देश आहे. 'कमला' या नावात मात्र यांपैकी काहीच नाही, आणि बाजारात तेच नाव रूढ होण्याची शक्यता अधिक.

नोंद नसण्याची किंमत : एचएमटीचा धडा

नोंदीचा हा आग्रह केवळ तात्त्विक नाही, हे पूर्व विदर्भाने अनुभवले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून नवा वाण सिद्ध केला. बाजारात त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या वाणाचे बियाणे अभ्यासासाठी नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित झाला. शुद्धीकरणाचे काम विद्यापीठाचे, ही एक बाजू. मूळ निवडीचे श्रेय व लाभ शेतकऱ्याला मिळाला नाही, ही दुसरी. हा वाद खोब्रागडे यांच्या ३ जून २०१८ रोजी झालेल्या निधनापर्यंत पूर्णपणे शमला नाही.

या वादाचे मूळ हेतूंपेक्षा नोंदीच्या अभावात होते. वाण प्रथम कोणी निवडला, बियाणे कोणत्या अटीवर दिले गेले आणि त्यात पुढे कोणता बदल झाला, हे सांगणारी सार्वजनिक नोंद तेव्हा नव्हती. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ ने ही उणीव काही अंशी भरून काढली. बियाणे राखणे, पेरणे, देवघेव करणे आणि ब्रँडच्या नावाविना विकणे हा शेतकऱ्याचा हक्क कलम ३९ ने मान्य केला. पेटंट अधिनियमाच्या कलम ३ (ञ) नुसार वनस्पती व बियाणे यांवर पेटंट मिळत नाही. परंतु क्रिस्पर तंत्रावरील पेटंट परदेशी संस्था व कंपन्यांकडे आहेत. संशोधनासाठी तंत्र वापरणे आणि त्यातून तयार झालेले बियाणे व्यापारासाठी विकणे यांच्या अटी वेगळ्या असू शकतात. या अटी सार्वजनिक नोंदीत नसतील तर घरचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याने आपला हक्क कशाच्या बळावर गृहीत धरावा?

नोंदीविना वाढलेल्या बियाण्याचे दुसरे उदाहरण पश्चिम विदर्भात आहे. तणनाशक-सहनशील कपाशीला मान्यता नसताना तिचे बियाणे शेतोशेती पोहोचले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून आंदोलन केले. बंदी होती, परंतु बियाण्याचा माग नव्हता. पिशवीवर खरे नाव नसल्याने फसवणूक झाल्यास दाद मागण्याची सोयही नव्हती. कपाशीच्या बाबतीत बंदी नोंदीला पर्याय ठरली नाही. धानाच्या बाबतीत सूटही तशी ठरणार नाही.

लेबल कोठे असावे?

नोंदीला घेतला जाणारा व्यावहारिक आक्षेप असा की, तांदळाला लेबल लावणे अशक्य आहे. तुमसरसारख्या ठिकाणी हा आक्षेप अंशतः खरा आहे. आधारभूत खरेदीत धानाच्या 'साधारण' आणि 'अ' अशा दोनच प्रती आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी त्यांचे भाव अनुक्रमे २३६९ आणि २३८९ रुपये प्रतिक्विंटल जाहीर झाले. खरेदी केंद्रावर अनेकांचा माल एकत्र होतो, भरडाईसाठी गिरणीत जातो आणि तांदूळ होऊन स्वस्त धान्य दुकानात पोहोचतो. या साखळीच्या अखेरीस वाण वेगळा ओळखणे जवळजवळ अशक्य आहे.

परंतु बियाण्याच्या पिशवीवर एक ओळ छापणे अशक्य नाही. साखळीच्या आरंभी नोंद सहज होते. जगातील अलीकडची वाटचालही याच दिशेची आहे. युरोपीय न्यायालयाने २५ जुलै २०१८ रोजी जनुक-संपादित पिकांना जुन्या कडक कायद्याखाली ठेवले. युरोपीय आयोगाने जुलै २०२३ मध्ये नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात लहान बदल असलेल्या वनस्पतींना पारंपरिक वाणांप्रमाणे वागवण्याची तरतूद होती, तरी त्यांची सार्वजनिक यादी आणि बियाण्यावरील उल्लेख कायम ठेवला होता. इंग्लंडच्या २०२३ च्या कायद्यानेही सूट आणि सार्वजनिक नोंदवही एकत्र ठेवली. जपानमध्ये २०२१ साली विक्रीस आलेल्या जनुक-संपादित टोमॅटोची माहिती आधी शासनाला देण्यात आली होती. नियम सैल करताना नोंद सैल केली पाहिजे असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

अन्नाच्या बाबतीतही एक मोकळी जागा राहिली आहे. अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ च्या कलम २२ मध्ये आधुनिक जैवतंत्रज्ञानाने घडवलेल्या अन्नाची स्वतंत्र व्याख्या आहे. पर्यावरण कायद्याखालील सूट या दुसऱ्या कायद्याला आपोआप लागू होते असे मानता येत नाही. २३ जुलै २०२४ रोजी जनुकीय मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल विभागून लागला. परंतु सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून जनुकीय पिकांविषयी राष्ट्रीय धोरण ठरवावे, यावर दोघांचेही एकमत होते. जनुक-संपादित अन्न त्या धोरणाच्या आत की बाहेर, हे स्पष्ट शब्दांत सांगितले जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी सुचवता येतात. पहिली, प्रत्येक जनुक-संपादित वाणाची सार्वजनिक नोंदवही असावी. तीत मूळ वाण, बदललेले जनुक, वापरलेले तंत्र, परीक्षण करणारी समिती, मान्यतेचा दिनांक आणि पेटंटच्या अटी यांचा समावेश असावा, आणि ती मराठीसह शेतकऱ्यांच्या भाषांत उपलब्ध व्हावी. दुसरी, बियाण्याच्या पिशवीवर वाण जनुक-संपादित असल्याचा साधा उल्लेख असावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बियाणे विधेयकाच्या मसुद्यात पिशवीवर क्यूआर कोडची कल्पना आहे. त्याच कोडमागे ही माहिती ठेवता येईल. तिसरी, ज्या विभागासाठी वाणाची शिफारस होते तेथील चाचण्यांची आकडेवारी शिफारशीसोबतच जाहीर व्हावी. भंडारा जिल्ह्यात साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र ती शेतकऱ्यांपुढे मांडू शकेल.

यांपैकी एकाही सूचनेने संशोधनाचा मार्ग अडत नाही. सार्वजनिक संस्थांच्या शास्त्रज्ञांचे श्रम आणि त्यांच्या वाणांची गुणवत्ता यांना खुल्या नोंदीपासून भय असण्याचे कारणही नाही. वाण उत्तम ठरला तर त्याचे श्रेय नोंदीनेच सिद्ध होईल, आणि अपेक्षेप्रमाणे न ठरल्यास नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याला दाद मागण्यासाठी तीच नोंद कामी येईल. २०२२ च्या ज्ञापनाने परीक्षणाचे ओझे कमी केले. ज्याच्या बांधीत हे बियाणे रुजावयाचे आहे त्याला ते काय आहे हे सांगण्याचे कर्तव्य मात्र त्यामुळे कमी झालेले नाही.